लांब इंग्रजी शब्दांची फोड आणि आघात

इंग्रजीतला लांबलचक शब्द बोलताना त्याचे जे तुकडे पडतात ते सिलेबल, आणि त्यातल्या एका तुकड्यावर जो मुख्य जोर येतो तो आघात म्हणजे स्ट्रेस. कानाला जितके स्वर ऐकू येतील साधारण तितके सिलेबल, स्पेलिंग कितीका लांब असेना. मराठीतही हे आहेच की, सातारा लिहायला तीन अक्षरं अन् बोलायलाही तीन, पण सांगली लिहायला तीन असली तरी तोंडात सांग-ली अशी दोनच होते. (वृत्तात मात्र तिन्ही मोजायची, म्हणून सातारा म गण आणि सांगली र गण.)

आपली गाडी अडते ती आघातावर. गण पाडताना आपण लघु-गुरू बघतो, जोर कुठं हे कुणी विचारतच नाही, कारण मराठीत त्यानं अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड'च्या पहिल्या तुकड्यावर जोर दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद! शिवाय जोर नसलेले स्वर इंग्रज चक्क गिळतो, त्यांचा पुसट 'अ' करून टाकतो. साताऱ्यात कुठल्याही स्टुडिओच्या पाटीवर 'फोटोग्राफर' असतं आणि आपण चारही तुकडे इमानदारीत म्हणतो, इंग्रजाच्या तोंडी तेच 'फ-टॉ-ग्र-फर' होतं, जोर टॉवर.

जोर कुठं जाणार ते बरंचसं शेपटावर ठरतं. शन, इक, इटी, ग्राफी ही शेपटं लागली की आघात सहसा त्यांच्या लगेच आधी सरकतो, म्हणून फोटोग्राफमध्ये 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. पॉलिटिक्समध्ये मात्र तो 'पॉ'वरच बसून राहतो, राजकारणच ते, नियम कशाला पाळेल. मेंट, नेस, ली ही गरीब शेपटं, जोर हलवत नाहीत: डेव्हलपला 'व्हे'वर आहे तर डेव्हलपमेंटलाही तिथंच, आपण तो 'डे'वर देतो ती गोष्ट वेगळी.

फार लांब शब्द दिसला की घाबरायचं नाही, आधी त्याची घडण बघायची. इंटरनॅशनलायझेशनमध्ये मूळ शब्द 'नेशन', पुढं इंटर जोडलं, मागं अल, आईझ, एशन असे डबे लागत गेले, स्पेलिंगची अक्षरं 20 आणि सिलेबल 8, मुख्य जोर 'झे'वर. कॉम्प्युटरवाले कंटाळून पहिलं-शेवटचं अक्षर ठेवून मधल्या 18 अक्षरांच्या जागी नुसता आकडा घालतात.

शाळेत 'टुगेदर' पाठ करायला टू-गेट-हर अशी फोड आपण सगळ्यांनी केलीय, ती स्पेलिंगपुरती झकास, पण सिलेबल पाडायचे तर ट-गे-दर, आणि जोर 'गे'वर.