पुठ्ठ्याच्या जागी खोका

‘माणसाला मुळात बदल नकोच असतो.’ ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही, कारण अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी, हारवूड कंपनीच्या पायजमा कारखान्यात ते तपासून झालं आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तो प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध केला.

बदल केवढासा! इस्त्री करणारे कामगार तयार कपडे अर्ध्या डझनाच्या चळतीत पुठ्ठ्यावर रचत. आता ते खोक्यात रचायचे. डझनामागे २ मिनिटं वाढवून दिली, कारण समजावलं, शंका ऐकल्या. तरी १८ जणांचा हा गट तासाला ५० एककांवर अडकला (एकक म्हणजे एका मिनिटाचं ठरलेलं काम, अपेक्षा ६० ची), आणि ४० दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले.

दुसऱ्या काही गटांत व्यवस्थापनाने कामगारांसमोर दोन कपडे ठेवले. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. स्वस्त कुठला, ओळखता येईना. मग खर्च कुठे वाचेल, हे त्यांनाच विचारलं. ज्या गटांत सगळेच कामगार चर्चेत होते, तिथे सूचना इतक्या भराभर आल्या की लघुलेखकाला टिपून घेणं जड गेलं. हे गट लवकरच आधीच्या पातळीच्या १४ टक्के वर पोचले. नोकरी एकानेही सोडली नाही.

असं का झालं? याच कारखान्याशी जोडलेल्या मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनची मांडणी मला फार आवडते. शाळेतली रस्सीखेच आठवा. दोन्हीकडचे जोर सारखे, म्हणून दोर स्थिर. पण ढिला नव्हे. उत्पादनाची पातळीही अशीच. वर ओढणारी मजुरी, लक्ष्य, साहेबाचा धाक. खाली ओढणारा थकवा, कामाच्या दराबद्दलचा (किती कामाला किती मजुरी) संशय, गटाचा अलिखित नियम. वरचा जोर वाढवला तर दोर सरकतो, पण ताणही वाढतो, आणि तो भांडणांत, राजीनाम्यांत दिसतो. खालचा जोर कमी केला तरी दोर तेवढाच सरकतो, ताण मात्र उतरतो. नवा दर ठरवताना कामगार स्वतः हजर असेल, तर संशयाला जागा कमी उरते.

‘मानसिकता बदला’ म्हणत दिवसभराची महागडी शिबिरं विकणारे वरचाच जोर वाढवतात.

नुसती बैठक घेऊनही भागत नाही. १९६० च्या नॉर्वेतल्या पादत्राण-कारखान्याच्या प्रयोगात उत्पादन वाढलं नाही. तिथे कामगारांच्या हाती दिलेले निर्णय उत्पादनाशी फारसे निगडित नव्हते, असं संशोधकांनीच मांडलं.

हारवूडच्या त्या अडकलेल्या गटातले उरलेले १३ जण अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणले गेले. काम नवं होतं, या वेळी ते सगळ्यांच्या सहभागाने ठरलं. तेच १३ जण झपाट्याने सावरले, आणि आधीच्या पातळीच्या पुढे गेले.