लेसिकनंतरच्या नजरेचा दर्जा

चष्म्याचा मायनस नंबर लेसिकने, म्हणजे डोळ्यावरच्या लेसर ऑपरेशनने, काढल्यावर माणसाला दिवसा, रात्री, पावसात, समोरून गाडी येताना प्रत्यक्षात कसं दिसतं त्याला नजरेचा दर्जा म्हणायचं. डॉक्टरकडचा तक्ता पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा, म्हणजे तशी सोपी परीक्षा, तिथं ६/६ आलं की ऑपरेशन यशस्वी धरतात आणि बहुतेकांचं ते येतंच. पण संध्याकाळी डांबरी रस्त्याच्या कडेने चालणारा करड्या शर्टातला माणूस वेळेत दिसणं हे वेगळं काम आहे, त्याला कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जवळजवळ सारख्या छटांतला फरक ओळखायची ताकद, लागते, आणि ती ६/६ असूनही कमी झालेली असू शकते.

हे का होतं ते कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आकारात आहे. एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटरचा, तो आजूबाजूला न भाजता कॉर्नियाचा पातळ पातळ थर उडवतो. मद्रास विद्यापीठात शिकलेले आणि आयबीएममध्ये काम करणारे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्की पक्ष्याचं मांस लॅबमध्ये नेऊन त्याच्यावर हा लेसर मारून पाहिला होता, खाच एकदम स्वच्छ पडली, तिथून हे सगळं सुरू झालं. साधा हिशोब असा की ६ मिलिमीटर रुंदीच्या भागात एका नंबरामागे साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातात, मायनस ५ ला ६०, आणि अख्खा कॉर्निया मधे असतो जेमतेम ५४० मायक्रॉनच्या आसपास. मधला भाग असा चपटा झाला की मधून आणि कडेने येणारा प्रकाश एका ठिकाणी जुळत नाही, नंबर जितका मोठा तितका हा फरक जास्त. दिवसा बाहुली लहान असते म्हणून कळत नाही, अंधारात ती मोठी होते आणि मग चंद्राला खळं पडतं तसं प्रत्येक हेडलाइटभोवती कडं दिसतं, कुणाला दिव्यातून काटे फुटल्यासारखे दिसतात.

दुसरं कारण कोरडेपणा, आणि याला लोक फार हलक्यात घेतात. लेसर मारायच्या आधी कॉर्नियाचा वरचा पातळ थर झाकणासारखा कापून उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तो कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात, त्या भरून यायला महिने लागतात, तोवर अश्रूंचा थर टिकत नाही. सिग्नलचा हिरवा दिवा पापणी लवल्यावर क्षणभर गोल, स्वच्छ दिसतो आणि लगेच परत पसरतो, असं होत असेल तर आधी डोळ्यांचा ओलावा तपासून घ्यावा. स्माईल या लेसरच्याच दुसऱ्या पद्धतीत फ्लॅप नसतो, चीर छोटी असते, त्यामुळे नसा कमी तुटतात.

अमेरिकेतल्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्राऊल अभ्यासात लेसिक केलेले ९५ टक्क्यांहून जास्त लोक नजरेवर समाधानी होते, पण आधी कडं, काटे अशी दिसण्याची कुठलीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी किमान एक नवी तक्रार होती. रोजची कामं फार अडावीत इतका त्रास मात्र १ टक्क्याहून कमी जणांना. हे सगळे आकडे पेशंटला ऑपरेशनआधीच सांगायला हवेत, रात्री गाडी चालवून पोट भरणाऱ्याला तर नक्कीच.

चाळिशी लेसिकने टळत नाही. उलट मायनसवाल्याला चष्मा काढून जवळचं वाचायची जी सोय असते ती जाते. आणि पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढणं अवघड होतं कारण कॉर्निया मूळचा राहिलेला नसतो, म्हणून ऑपरेशनआधीचा नंबर आणि कॉर्नियाच्या मोजमापाचे कागद वीस-तीस वर्षं जपून ठेवावे लागतात.