फुलं आहेत, पण रोपं कुठे आहेत?

वसंत आला की उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पानझडी जंगलांत ट्रिलियम फुलतं. एक दांडी, तिच्यावर तीन पानं आणि मधोमध तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत त्याला वर्षाच्या कमाईचा मोठा भाग करून घ्यायचा असतो. शेकडो फुलं एकत्र उमललेली पाहिली की वाटतं, इथे सगळं आलबेल आहे. मला मात्र अशा वेळी फुलांपेक्षा खाली पाचोळ्यात काय आहे ते महत्त्वाचं वाटतं.

कारण ट्रिलियमचं बालपण फार लांबतं. बी मातीत पडल्यावर पहिल्या हिवाळ्यानंतर त्याला फक्त मूळ फुटतं, वर काहीच दिसत नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर इवलंसं बीजपत्र डोकावतं. पुढे काही वर्षं एकच पान, मग तीन पानं, आणि पहिलं फूल यायला बहुधा सात ते दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त. फुलणारं झाड मात्र अनेक दशकं जगतं. त्यामुळे नवी पिढी जन्माला यायची थांबली तरी म्हातारी झाडं वर्षानुवर्षं फुलत राहतात आणि आपली फसगत होते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगॉन राज्यात संशोधक एरिक ज्यूल्स यांनी ट्रिलियमच्या पश्चिमेकडच्या भावंडावर, म्हणजे तिथल्या दुसऱ्या जातीवर, काम केलं, ते 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. या झाडाच्या जमिनीतल्या खोडावर दरवर्षी खूण उमटते, तिच्यावरून वय काढता येतं. शेजारचं जंगल सरसकट तोडलेल्या ठिकाणी, कडेपासून सुमारे 65 मीटरपर्यंत, तोडीनंतर जन्मलेली रोपं जवळजवळ नव्हतीच. कडेला परागीभवन कमी, म्हणून बिया कमी. ज्या धरत, त्यांतल्याही जास्त बिया उंदरांच्या पोटात जात. झाडं उभी होती, फुलतही होती, फक्त पाळणा हलत नव्हता.

हरणांचा त्रास वेगळाच. ट्रिलियमला वर्षाला एकच दांडी येते. हरणानं ती खुडली की त्या हंगामात दुसरी येत नाही, जमिनीतल्या खोडातल्या साठ्यावर दिवस काढावे लागतात. हे दरवर्षी घडलं तर फुलणारं झाड आकारानं खुरटून पुन्हा बिनफुलांचं होतं. हरणं ट्रिलियममधली उंच झाडं आधी निवडतात, त्यामुळे उरलेली सगळी बुटकी. संशोधक रॉजर अँडरसन यांनी 1994 मध्ये इलिनॉयमधल्या कामावरून सुचवलं की ट्रिलियमची उंची मोजून जंगलावर हरणांचा किती ताण आहे हे ओळखता येईल.

आणि तरीही हरणांशिवाय भागत नाही. बीला चिकटलेल्या तेलकट गराच्या लोभानं मुंग्या ती ओढून नेतात, पण नेऊन नेतात ती काही मीटर. न्यूयॉर्क राज्यात मार्क व्हेलंड आणि सहकाऱ्यांना हरणांच्या लेंड्यांमध्ये रुजू शकणाऱ्या बिया सापडल्या, आणि त्यांच्या हिशोबानं त्या तीन किलोमीटरहून दूरही पोचू शकतात. हिमयुग ओसरल्यावर हे फूल इतक्या उत्तरेपर्यंत कसं पोचलं, या कोड्याचा एक धागा तिथे सापडतो. थोडी हरणं बी पेरतात, फार झाली की बी धरणारं झाडच उरत नाही.

अशा जंगलात कुंपण घातलं तरी पुढच्याच वसंतात फारसा फरक दिसत नाही. खुरटलेल्या झाडांना आधी साठा भरून काढायचा असतो, मग फूल, मग बी. त्या बीचं पहिलं एकटं पान वर यायला आणखी दोन-तीन वसंत जातात. ते शोधायला गुडघे टेकून पाचोळा हातानं बाजूला सारावा लागतो.