रामदास, अनिल

(१६ फेब्रुवारी १९५८ – १६ फेब्रुवारी २०१२). दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम या पूर्वीच्या डच वसाहतीत जन्मलेले डच भाषेतील निबंधकार, दूरचित्रवाणी पत्रकार व कादंबरीकार. जन्म पारामारिबो येथे. बालपण देशाच्या पश्चिम टोकाला, भातशेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या निकेरीत गेले.

‘लल्ला रुख’ हे जहाज ५ जून १८७३ रोजी हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी घेऊन सुरीनामला लागले. १९१६ पर्यंत चौतीस हजारांहून अधिक माणसे, मुख्यतः अवध आणि भोजपूर भागातली, करारावर तिकडे गेली. त्यांना सरनामी या सुरीनाममधील हिंदुस्थानींच्या बोलीत ‘कंत्राकी’ म्हणतात. याच बोलीत वडिलांचे वडील ‘आजा’ आणि त्यांची बायको ‘आजी’. मराठी कानाला हे शब्द थेट घरचे वाटतात. रामदास यांचा समाज हा.

१९७७ मध्ये ते नेदरलँड्सला गेले आणि ॲम्स्टरडॅममध्ये सामाजिक भूगोल शिकले. पुढे ‘एनआरसी हांडेल्सब्लाड’ या दैनिकातील लेखनाने त्यांचे नाव झाले. नव्वदच्या दशकात व्हीपीआरओ या डच प्रसारण संस्थेसाठी त्यांनी ‘माझ्या वडिलांच्या घरी’ या अर्थाच्या नावाची मुलाखतमाला केली. मायदेश सोडून आलेल्या विचारवंतांशी निवांत, खोलवर बोलणे हे तिचे स्वरूप. स्थलांतरित माणूस डच पडद्यावर एरवी ‘समस्या’ म्हणून दिसे. इथे तो विचार करताना, वाद घालताना दिसला. त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा मानावा लागेल. १९९७ मध्ये त्यांना ए. दु पेरॉन पुरस्कार मिळाला.

२००० ते २००३ या काळात ते दिल्लीत ‘एनआरसी’चे प्रतिनिधी होते. पूर्वजांनी सोडलेल्या देशात ते परक्या वृत्तपत्राचे बातमीदार म्हणून राहिले, आणि त्या देशाबद्दल लिहिले ते डचमध्ये. त्रिनिदादचे व्ही. एस. नायपॉल यांचा त्यांच्यावर दाट प्रभाव होता. दिल्लीहून परतल्यावर त्यांनी ॲम्स्टरडॅममधील ‘द बाली’ या चर्चा-संस्कृती केंद्राचे संचालकपद सुमारे दोन वर्षे सांभाळले. नेदरलँड्समधील स्थलांतरितविरोधी राजकारणावर त्यांनी कडक शब्दांत लिहिले.

पारामारिबो शहरावरचे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये आले. ‘बादल’ (२०११) ही त्यांची एकमेव कादंबरी. तिचा नायक हॅरी बादल हा सुरीनामी वंशाचा पत्रकार दारू सोडण्याच्या निश्चयाने समुद्रकाठच्या झांडफोर्ट गावी येऊन राहतो. नायकात लेखकाची सावली वाचकांना तेव्हाच दिसली होती. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभराच्या आतच, चोपन्नाव्या वाढदिवशी, रामदास यांचे निधन झाले.