रानकोंबडी की चकोत्री?

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर मागे टाकून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की सकाळच्या वेळी एखादी तपकिरी कोंबडी तुरुतुरु रस्ता ओलांडते आणि गाडीतलं कुणीतरी ओरडतं, "रानकोंबडी!" पुष्कळदा ते बरोबरही असतं. एखाद्या वेळी मात्र ती चकोत्री निघते, रानकोंबडीसारखाच दिसणारा दुसरा रानपक्षी.

नरांच्या बाबतीत घोळ होत नाही. राखी रानकोंबड्याचा लाल तुरा आणि वाकलेली काळी शेपटी लांबूनही कळते. चकोत्रीच्या नराला तुराच नसतो, अंग विटकरी-तांबूस असतं. अडचण माद्यांची. त्यासाठी आधी पाय बघावेत. रानकोंबडीचे पिवळे, चकोत्रीचे लाल. मग छाती. रानकोंबडीच्या छातीवर पांढरी पिसं असतात आणि प्रत्येक पिसाला तपकिरी किनार. चकोत्रीच्या अंगावर पांढरं काही नसतं, तपकिरी रंगावर काळ्या रेघा असतात आणि डोळ्याभोवतीची कातडी उघडी, लालभडक. आकाराने ती गावठी तलंगेपेक्षाही लहान. अर्थात हे सगळं बघायला पक्षी क्षणभर थांबायला हवा, आणि चकोत्री थांबत नाही. उडायचंही तिच्या फारसं मनात नसतं, पळत जाऊन झुडपात शिरते.

रानकोंबड्याच्या मानेचं पीस हातात घेऊन बघण्यासारखं असतं. त्याची मधली दांडी टोकाकडे चपटी होते आणि तिथे मेणासारखी चकचकीत, पिवळसर-पांढरी चकती तयार होते. अशा पिसांपासून परदेशात मासेमारीच्या गळाला लावायच्या खोट्या माश्या बनवत आणि त्या हौसेपायी हे कोंबडे खूप मारले गेले. पावसाळ्याच्या सुमारास नर ही पिसं झाडून टाकतो, तुराही आक्रसतो. त्या दिवसांत तो दिसला तर हाच तो ऐटबाज गडी, यावर विश्वास बसत नाही.

चकोत्रीकडे ही ऐट नाही, पण तिचे पाय निरखावेत असे आहेत. गावठी कोंबड्याच्या पायामागे एक टोकदार काटा असतो. चकोत्रीच्या नराला एकेका पायावर दोन-दोन, कधी त्याहून जास्त काटे असतात, आणि मादीलाही काटे असतात! हे पक्षी जोडीने किंवा चार-पाचांच्या लहान टोळीने राहतात. पालापाचोळा उकरून बिया, किडे, वाळवी खाणं, जमिनीवर उथळ खळग्यात अंडी घालणं आणि रात्री झाडावर बसणं, हे दोघांचंही सारखंच. अंडी घालण्याचे दिवस बहुतेक उन्हाळ्याकडचे, म्हणजे नेमके वणव्यांचे. फासकी लावणाऱ्यांचा त्रास वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोन्हींची शिकार गुन्हा आहे, तरी गावागावांत कुणाला कुठे काय मिळालं याच्या गप्पा चालतातच.

इतकं सारखेपण पाहून दोघांना सख्खे शेजारीच नव्हे, सख्खे भाऊबंद मानावंसं वाटतं. डीएनएची तुलना वेगळंच सांगते. रानकोंबड्यांचं जवळचं नातं निघतं तित्तरांशी. चकोत्री दुसऱ्या फांदीवरची, आग्नेय आशियातल्या मोरतित्तरांच्या (पीकॉक-फेझंट; नावात तित्तर असला तरी हे तित्तर नव्हेत) जवळची. म्हणजे भीमगडच्या जंगलात एकाच पाचोळ्यात उकरणारे हे दोघे लांबचे, आणि उघड्या माळावरचा तित्तर रानकोंबड्याच्या घरचा.

आपल्या खुराड्यातली कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची वंशज. ती जात इकडे नाही, ती उत्तर आणि ईशान्य भारतातली. डार्विननेही कोंबडीचं मूळ त्या एकाच जातीत मानलं होतं. पण 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलं आहे. पांढऱ्या कातडीच्या कोंबडीत खाण्यातून आलेली पिवळी रंगद्रव्यं तोडणारं एक विकर (एन्झाइम) कातडीत काम करतं. पिवळ्या कातडीच्या कोंबडीत ते तिथे मंद पडतं आणि रंग साचतो. बाजारातल्या बॉयलरच्या पिवळ्या पायांत अशी थोडी आपल्या सह्याद्रीची देणगी आहे.

कोंबडा ऐकायचा असेल तर उन्हाळ्यात पहाटे कणकुंबीच्या बाजूला जावं. 'कुक्-काया-काया-कुक्' अशी तुटक बांग असते, गावठी कोंबड्यासारखी शेवटी लांबत नाही. त्याचा भाऊबंद तित्तर ऐकायला मात्र उलट्या दिशेला, गोकाक-सौंदत्तीच्या माळावर जावं लागेल.