पार्किन्सन्स : रांग आहे, प्रतीक्षायादी नाही

हातापायांना कंप सुटतो, हालचाली मंदावतात, तो हा पार्किन्सन्स. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. आयुर्वेदातला कंपवात त्याहून कितीतरी जुना. पण पुढची दीडशे वर्षं तज्ज्ञाकडे जाऊन फारसं काही हाती लागत नसे, त्यामुळे त्यासाठी ताटकळणंही नव्हतं. १९६७ मध्ये लेव्होडोपा या औषधाच्या मोठ्या मात्रेचा गुण दिसला आणि चित्र पालटलं. (हेच द्रव्य भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळं काढलं होतं.)

लेव्होडोपाची गोळी एकदा लिहून दिली की काम संपलं, असं मात्र नसतं. आजार वाढेल तशी मात्रा आणि वेळा बदलाव्या लागतात. म्हणजे तोच पेशंट पुन्हा पुन्हा न्यूरॉलॉजिस्टच्या दारात.

असे पेशंट किती, याचा मुंबईतला अंदाज १९८८ मध्ये आला. पारशी वसाहतींतल्या १४,०१० रहिवाशांच्या पाहणीत दर लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. पारशी समाजात म्हातारी माणसं जास्त, म्हणून आकडा मोठा; आता सगळी मुंबईच त्या वयाकडे चालली आहे.

पालिकेच्या रुग्णालयांची घडी त्याआधीची. केईएम तर १९२६ चं. सकाळी या, केसपेपर काढा, नंबर येईस्तोवर बसा, ही पद्धत ताप-खोकल्याला चालून जाते. पार्किन्सन्सचा पेशंट पहाटे गोळी घेऊन बदलापूरहून निघतो. नंबर लागेपर्यंत गोळीचा अंमल उतरलेला असतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टरांना दिसतो तो हा माणूस. घरी चहाचा कप नीट धरणारा नव्हे.

न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचण्याआधीचं थांबणं तर कुठल्याच कागदावर येत नाही. आजाराच्या सुरुवातीला खांदा आखडला म्हणून हाडांचे डॉक्टर, ‘फ्रोझन शोल्डर’चं निदान, शेक, फिजिओथेरपी. निदान पक्कं करणारी साधी रक्ततपासणी नाही. हालचाली ओळखणारी नजरच लागते. यात महिने जातात, कधी वर्षं. ताटकळण्याची मोजदाद करायची, तर ती इथपासून व्हायला हवी.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये १९८७ साली सुरू झाली आणि पुढे मुंबईतही आली. इथे अडतं ते पैशापाशी. खर्च लाखांच्या घरात, म्हणून सोशल वर्करचं पत्र घेऊन ट्रस्टांकडे अर्ज. इलेक्ट्रोडना वीज पुरवणारी साधी, चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांत संपते, मग ती बदलण्यासाठी पुन्हा अर्ज.