इशारा सकाळी, भोंगा रात्री

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या हवामान खात्याने व्हॅलेन्सिया भागासाठी सकाळीच अतिवृष्टीचा लाल इशारा दिला. लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा भोंगा वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर अनेक गावांत पाणी घुसलं होतं. मृतांचा आकडा २२० च्या वर गेला. तिथल्या विद्यापीठाने मात्र अंदाज पाहून आदल्या दिवशीच वर्ग रद्द केले होते.

म्हणजे विज्ञान कमी पडलं नव्हतं. अडलं ते निर्णयापाशी.

या पुराची चाल फसवी होती. डोंगराकडच्या तुरीस इथे २४ तासांत ७७० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, पण खालच्या पायपोर्तामध्ये त्या दिवशी जेमतेम पाऊस होता. वरचं पाणी पोयो नावाच्या, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून खाली आलं. सेकंदाला २,२०० घनमीटरहून जास्त, म्हणजे २२ लाख लिटरहून अधिक प्रवाह नोंदवून संध्याकाळी ६.५५ ला तिथला मापकच वाहून गेला. डोक्यावर पाऊस नसताना गावकऱ्यांना पुराची कल्पना यावी कशी? वरच्या मापकावर डोळा ठेवणारा आणि गावं रिकामी करण्याचा अधिकार असलेला माणूसच त्यांना वाचवू शकतो. तो अधिकारी इशारा खोटा ठरेल या भीतीने खात्री होईपर्यंत थांबला, तर अशा पुरात खात्री आणि पाणी एकदमच येतात.

म्हणूनच किती आकडा झाला की कोणी काय करायचं, हे आधीच कागदावर ठरलेलं असावं. अहमदाबादने हे उष्णतेच्या लाटेबाबत करून दाखवलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. ४५ अंशांचा अंदाज आला की लाल इशारा. मग रुग्णालयं, पाण्याची सोय, लोकांना निरोप, प्रत्येकाचं काम ठरलेलं. ऐनवेळी बैठक घेत बसावं लागत नाही, हेच मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

हा आकडा दुसऱ्या शहराने उचलून मात्र चालत नाही. दमट किनाऱ्यावर घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, त्यामुळे बऱ्याच कमी तापमानालाही माणसं दगावतात. प्रत्येक शहराला आपली मर्यादा आपल्याच मृत्यूनोंदींवरून काढावी लागते. उष्माघात असं कारण फार थोड्या दाखल्यांवर लिहिलेलं असतं. उन्हाने हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होऊन गेलेल्यांची नोंद त्या त्या आजाराखाली होते. म्हणून अभ्यासक कारण बाजूला ठेवून रोजचे एकूण मृत्यू मोजतात आणि ते त्या दिवसांच्या तापमानाशेजारी मांडतात.